दुरुस्त केलेली बाई

पुस्तकांच्या दुकानातून हाकलून दिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो युनिव्हर्सिटीत फ्रेंचचा प्रोफेसर होता. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या त्या दुमजली दुकानात सर भाषांतरित पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहायचे. एकेक पुस्तक उघडून आतल्या पानावर बारीक टाइपात दडवलेलं भाषांतरकाराचं नाव शोधायचे. मग खिशातून पांढऱ्या लेबलांचा कागद काढून त्यावर ते नाव ठसठशीत अक्षरात लिहायचे आणि लेबल कव्हरवर लावायचे, लेखकाच्या नावाच्या बरोब्बर खाली. मॅनेजर धावत आला आणि म्हणाला, "सर, यू कान्ट डू दॅट." सर लेबल दाबून बसवता बसवता त्याला म्हणाले की, या पुस्तकातला प्रत्येक शब्द जिनं लिहिला तिचं नाव तुम्ही कव्हरवर घालत नाही, हे मात्र तुम्ही करू शकता? मॅनेजरला बिचाऱ्याला काय कळणार! त्यानं सिक्युरिटीला बोलावलं. मी लाजेनं कुकबुकांच्या सेक्शनमध्ये जाऊन उभी राहिले, आणि सर दोन गणवेशधारी माणसांच्या मधून, कोट सावरत, अगदी मानानं बाहेर पडले.

"पळून काऊन गेली, पुणं?" पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला विचारलं. मला ते कधीही नावानं हाक मारत नसत. मी कोथरूडची म्हणून मी 'पुणं'. सुरुवातीला मला ते कौतुकाचं वाटायचं. ते कौतुक नव्हतं हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

आमची भेट झाली ती एका इंडियन ग्रोसरीच्या नोटीस बोर्डावर. योगा क्लास, बेबीसिटर, बेसमेंट भाड्यानं अशा चिठ्ठ्यांच्या गर्दीत शाईच्या पेनानं लिहिलेली एक मराठी चिठ्ठी होती. 'मराठी टाइप करणारी व्यक्ती पाहिजे. मोबदल्यात फ्रेंच शिकवण्यात येईल. आपलं मराठी फार चांगलं आहे असं वाटणाऱ्यांनी येऊ नये.' मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. नोकरी करायची परवानगी नाही, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आपलं मराठी फार चांगलं आहे याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस सलग चार वर्षं माझ्याकडे होतं. चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य दुसऱ्या कुणासाठी असणार असं धरून मी फोन केला.

सर नागपूरचे. त्यांची आई मिशनच्या बंगल्यावर धुणं धुवायला जायची आणि तिथल्या एका म्हाताऱ्या फ्रेंच फादरांनी सरांना फ्रेंच शिकवलं. पुढे स्कॉलरशिप, पॅरिस, मग अमेरिका आणि तीस वर्षं एकाच युनिव्हर्सिटीत नोकरी, एवढंच ते सांगत. त्या तीस वर्षांत मराठी माणसांनी त्यांना पहिला प्रश्न काय विचारला असेल? "आडनाव काय म्हणालात?" आणि आडनाव कळलं की दुसरा, "अरे वा, मग फ्रेंच कसं काय?" नेपरव्हिलच्या एका पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, माझ्यासमोर एका काकांनी हा दुसरा प्रश्न विचारला. सर ताट खाली ठेवून उभे राहिले. रागावायचं असेल तर ते आधी उभे राहत. बसून केली तर ती कुरकुर, आपलं म्हणणं उभं राहून मांडायचं, हा त्यांचा नियम. उभे राहून ते म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी कसं काय, हे मी तुम्हाला विचारलं का?" आणि पुन्हा बसून शांतपणे भरल्या वांग्याचा घास घेतला. आम्हाला पुढचं आमंत्रण आलं नाही, आणि माझा नवरा मला म्हणाला, "यार, तुझे सर जरा टू मच आहेत." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, हे सांगून टाकते.

टायपिंगचा मोबदला म्हणून मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे. तिथे पहिला महिनाभर डिक्शनरीला बंदी. पान हातानं उतरवून काढायचं, तीनदा. लॅपटॉपवरून मान न काढणारी ती अमेरिकन मुलं हातानं लिहिताना अक्षरशः रडकुंडीला यायची. "हाताला वाक्याचं वजन कळतं," सर म्हणत, "डोळ्याला नुसती लांबी कळते." युनिव्हर्सिटीनं पुढे फ्रेंच डिपार्टमेंट बंद करायचं ठरवलं, तेव्हा डीननं पत्रात लिहिलं की, आता मशीन उत्तम भाषांतर करतं, त्यामुळे प्रोफेसरांनी ऑनलाइन 'ग्लोबल कम्युनिकेशन' शिकवावं. सरांनी ते पत्र मशीनमध्ये घालून त्याचं फ्रेंच केलं, फ्रेंचचं मराठी केलं, मराठीचं परत इंग्लिश केलं आणि तो कागद डीनकडे पाठवला. सोबत चिठ्ठी होती, 'हे आपलंच पत्र आहे. कृपया सही करावी.' सही आली नाही. रिटायरमेंटचे कागद मात्र आले. त्यांच्या शेवटच्या सेमिस्टरमध्ये वर्गाची खोली पण काढून घेतली, तर पाच मुलांना घेऊन ते कॉरिडॉरमध्ये उभ्यानं शिकवायचे. येणारेजाणारे बाजूनं कॉफीचे कप सांभाळत जायचे. एवढ्या शिकलेल्या लोकांपैकी एकालाही त्यात लाजिरवाणं काही दिसलं नाही, याची मला अजून चीड येते.

पण हे सगळं वरवरचं. सरांचा जीव अडकला होता एका पुस्तकात. ती एक जुनी फ्रेंच कादंबरी, फ्रान्समध्येही फारशी कुणी वाचत नाही अशी. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी एक बाई तिच्यात आपली गोष्ट सांगते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतःच्या तोंडानं. मध्ये कुणी लेखकमहाशय येत नाहीत. तिची फ्रेंच शहराबाहेरच्या वस्तीतली, दणकट, खरबरीत. सर या पुस्तकाचं मराठी करत होते अकरा वर्षं, आणि ते करत होते त्यांच्या आईच्या मराठीत. नागपूरकडच्या, वस्तीतल्या, धुण्याच्या दगडावरच्या मराठीत. आई कधीच गेली होती. ती जशी बोलायची तसं बोलणारं पुस्तक मराठीत एक तरी व्हावं, आणि ते हसण्यासाठी नव्हे तर वाचण्यासाठी व्हावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

त्यांची कामाची पद्धत अशी. आठवडाभर वहीत लिहायचं. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे नागपुरात रविवारी सकाळी, मावशीला फोन लावायचा. मावशी म्हणजे त्यांच्या आईची धाकटी बहीण. आयुष्यभर बिड्या वळलेली, तिसरी पास, ऐंशीच्या घरातली. सर "जय भीम मावशी, चहा झाला का?" असं विचारून वाचायला लागायचे. मावशी मध्येच "म्हंजे?" म्हणाली की ते पान फाडायचं. दुरुस्त नाही करायचं, फाडायचं. एकदा तिनं सलग तीन शनिवार 'म्हंजे' म्हटलं आणि सरांनी सहा महिन्यांचं काम केराच्या टोपलीत घातलं. मी म्हटलं, "सर, त्यांना फ्रान्समधलं काय कळणार?" सर म्हणाले, "तिला धुणं कळते, पुणं. मले अन् तुले ते कळत नाही."

मी त्या वह्या टाइप करायला लागले. आणि टाइप करता करता मी काय केलं, ते आता लिहायलाच हवं. मी त्या बाईला सुधारलं.

कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, सर एवढे विद्वान, पण तीस वर्षं परदेशात, मराठीचा सराव सुटलेला. बाई गावंढळ बोलते, वाचकाला ते जड जाईल, पुण्यामुंबईचे लोक नाकं मुरडतील. मग मी इथे एक क्रियापद नीट केलं, तिथे एक शब्द बदलला. पुढे हात इतका सरावला की वहीकडे बघून मी सरळ माझ्या मराठीतच टाइप करत गेले. रात्री नवऱ्याला अभिमानानं म्हणायचे, "मी जवळजवळ एडिट करते आहे पुस्तक." सगळं पुस्तक असं झालं. सर वहीतून मावशीला वाचून दाखवत होते, टाइप केलेलं पान त्यांनी एकही तपासलं नाही. का, तर माझ्यावर विश्वास टाकला होता म्हणून.

मार्चमध्ये सगळं छापून, बाइंड करून मी त्यांना नेऊन दिलं. शनिवार होता. सर इतके खूश की त्यांनी तिथल्या तिथे मावशीला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मी आणलेल्या प्रतीतून वाचायला सुरुवात केली. अर्ध्या पानावर त्यांचा आवाज मंदावला. तरी ते पान संपेपर्यंत वाचत राहिले. मावशी 'म्हंजे' म्हणाली नाही. तिनं पान संपू दिलं. मग म्हणाली, "बावा, ते बाई कुठी गेली? हे तर तिची मालकीण बोलून रायली."

सरांनी फोन ठेवला. मग ते उभे राहिले.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी प्रमाण मराठीत, माझ्याच मराठीत बोलायला लागले. "माझी आई चाळीस वर्षं लोकांचे कपडे स्वच्छ करत होती. तिची स्वतःची भाषा मळकी आहे असं तिला कुणी सांगायचं राहिलं होतं का? शाळेत मास्तरांनी सांगितलं, रेडिओनं सांगितलं, नाटकवाल्यांनी तिची भाषा फक्त नोकराच्या तोंडी घातली. मी तेरा हजार किलोमीटर लांब आलो, बर्फात घर केलं. इथेही माझ्या टेबलापाशी बसून, माझा चहा पिऊन, तुम्ही तेच केलंत." तोवर मी 'पुणं' होते, तू होते. त्या दिवशी मी 'तुम्ही' झाले. घरी जाताना गाडी बाजूला घेऊन मी खूप रडले, आणि रडताना मला सर्वांत जास्त राग आला तो त्यांचाच. एवढी मेहनत केली, फुकट केली, आणि वर हे ऐकून घ्यायचं! माणूस किती आंधळा असतो बघा.

तीन आठवडे मी गेले नाही. चौथ्या शनिवारी गेले. सरांनी दार उघडलं, पहिली वही माझ्यापुढे ठेवली आणि कीबोर्ड सरकवला. तिथून पुढचा हिवाळा संपेपर्यंत मी ते पुस्तक पुन्हा टाइप केलं, शब्दाला शब्द, ते शेजारी बसलेले असताना. मी थबकले की ते नुसते खाकरायचे. तेव्हा कुठे मला ती बाई ऐकू यायला लागली. माझ्या दुरुस्त प्रतीत ती शहाणी, सोशिक, थोडी कंटाळवाणी होती. वहीतली बाई भांडकुदळ, चावट आणि हुशार होती, आणि मला तिचा हेवा वाटायला लागला. दुसरी प्रत संपली त्या दिवशी सरांनी मला पुन्हा 'पुणं' म्हटलं.

ती दुसरी प्रत त्यांनी महाराष्ट्रातल्या एका नावाजलेल्या प्रकाशकाकडे पाठवली. उत्तर आलं, 'अप्रतिम. फक्त संवाद बोलीत ठेवू, निवेदन प्रमाण भाषेत करून द्यावं.' सरांनी कळवलं, 'या पुस्तकात निवेदन नाही. बाई बोलते आहे.' पुन्हा उत्तर आलं, 'वाचकांचा विचार करावा लागतो.' मावशी वाचक नाही का, असं सरांनी विचारलं. दुसऱ्या प्रकाशकानं तर चक्क सुचवलं की, याला विनोदी पुस्तक म्हणून काढू, वऱ्हाडी ढंग लोकांना आवडतो. त्या दिवशी सर घरात एकटे उभे होते म्हणे, संध्याकाळपर्यंत.

दरम्यान माझ्या नवऱ्याला ह्यूस्टनमध्ये एनर्जी कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही तिथल्या शुगर लँड उपनगरात राहायला आलो. शनिवारी मी सरांना फोन करायचे. मावशी वारली, मग वर्षभरात सर गेले. पुस्तक तसंच पडून राहिलं.

आणि मागच्या वर्षी ते छापून आलं! मला कळलं ते नेपरव्हिलच्या महाराष्ट्र मंडळाच्या ईमेलवरून. सरांची मुलगी शिकागोत डेंटिस्ट आहे. जन्म इथला, मराठी समजतं ते 'जेवलीस का' एवढंच, वाचता येत नाही. बापाचं स्वप्न पुरं करायचं म्हणून तिनं सरांच्या लॅपटॉपमधल्या दोन्ही प्रतींच्या फाइली त्या पहिल्या प्रकाशकाला पाठवल्या आणि भाबडेपणानं विचारलं की, यातली योग्य कुठली ते तुम्हीच ठरवा. त्यांनी ठरवलं. माझी, पहिली, सुधारलेली ठरवली. कव्हरवर भाषांतरकार म्हणून सरांचं नाव, आत सगळी माझी मराठी. मी प्रकाशकाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं की, पहिली प्रत साहित्यिकदृष्ट्या सरस आहे आणि परीक्षणंही उत्तम येत आहेत. परीक्षणं मी वाचली. 'ओघवती', 'निर्मळ', 'संस्कारित'. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं, ते मला ही तीन विशेषणं वाचून कळलं.

नेपरव्हिलच्या मंडळानं प्रकाशन सोहळा ठेवला, एका शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. ज्या मंडळानं सरांना हयातीत एकदाही स्टेजवर बोलावलं नाही, त्यांनी त्यांच्या फोटोला हार घातला होता. मुलीनं मला मेसेज केला होता, 'यू नो हिज वर्क बेस्ट. प्लीज स्पीक.' मी विमानानं गेले. अध्यक्षबाई माइकवर म्हणाल्या, "सरांचं टोटल बॅकग्राउंड बघता हे मराठी म्हणजे मिरॅकल आहे. एवढं शुद्ध तर आपल्या मुलांना पण येत नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या मुलीनंही टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

माझी वेळ आली. मी चार पानांचं भाषण लिहून नेलं होतं, सगळ्यांची हजेरी घेणारं. ते मी पर्समध्येच ठेवलं. स्टेजच्या कडेला टेबलावर मुलीनं सरांच्या वह्या मांडल्या होत्या, शोभेला. त्यातली एक उचलली. म्हटलं, भांडण कशाला, लोकांना ऐकू तर दे, ऐकलं की आपोआप कळेल. "हे सरांनी लिहिलेलं खरं पुस्तक आहे," एवढंच म्हणाले आणि वाचायला लागले.

"लेकराचं आंग थंडं पडलं तरी मी कपडे धूतच रायली. पाणी गरम होतं. मले वाटलं, माहे हात गरम हायेत तोवर ते बी गरम राईन."

'मले' म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. पुढच्या वाक्याला दोन रांगा हसल्या. मला वाटलं, आता अर्थ पोचेल आणि थांबतील. काही थांबले. पण बाकीच्यांना अर्थ ऐकूच येत नव्हता, त्यांना ती बोली ऐकू येत होती, आणि ती बोली आली की हसायचं हे त्यांना इतकी वर्षं नाटकांनी आणि सिनेमांनी शिकवलेलं होतं. एक काका "क्या बात है!" म्हणाले. मी आवाज चढवला तर त्यांना वाटलं मी नक्कल छान करते. पान संपेपर्यंत वाचलं. इतक्या टाळ्या मला आयुष्यात मिळालेल्या नाहीत.

खाली उतरले तर मुलगी धावत आली. तिचे डोळे चमकत होते. तीही हसली होती, मी स्टेजवरून पाहिलं होतं. तिनं माझे दोन्ही हात धरले.

"ओ माय गॉड, आंटी, दे लव्हड् इट! आय नेव्हर न्यू बाबा वॉज धिस फनी. व्हॉट डिड यू रीड?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण त्या वह्यांपाशी उभं राहून आणखी एकदा दुरुस्ती करायची माझी छाती झाली नाही. मी तिला इंग्लिशमध्ये सांगितलं की, त्या बाईचं मूल शेजारी मरून पडलं आहे, आणि ती कपडे धुते आहे.

तिनं माझे हात सोडले. मागे वळून तिनं ऑडिटोरियमकडे पाहिलं. लोक चहाच्या रांगेत उभे होते, एकमेकांना 'मले, मले' करून दाखवत होते.

"देन व्हाय डिड दे लाफ?" तिनं विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. ते पान पहिल्यांदा टाइप करताना मी पण हसले होते.